वीतभर अंतरावरचं हाड

मान खाली घालून मागे बोट फिरवलं, की एक हाड टोकदार लागतं. तो मानेचा सातवा मणका. त्यावर अंगठा टेकवून पंजा कण्यावरून खाली ताणायचा, करंगळी पोचते तिथे साधारण छातीचा सातवा मणका. छातीच्या एक्स-रेचा मध्य तिथे धरायचा. परदेशी पाठ्यपुस्तकं हे अंतर पुरुषांत २० आणि स्त्रियांत १८ सेंटिमीटर देतात. आपण त्याला वीत म्हणतो, आणि गोव्यात डिचोलीतल्या एका एक्स-रे खोलीत मी ते वितीनेच मोजलेलं पाहिलं.

समोर सत्तरीचे गृहस्थ. आयुष्य खनिजवाहू ट्रक चालवण्यात गेलेलं. तंत्रज्ञाच्या सूचना: ‘‘काका, खांदे मातशे फुडें हाड. स्वास घे... धर... सोड.’’ तीन सेकंदांत काम संपलं. पण ‘खांदे पुढे’ का? पाठीवरची खांद्याची पाती सरळ उभं राहिल्यावर फुप्फुसांवर सावली पाडतात. खांदे पुढे ओढले की ती बाजूला सरकतात. श्वास ‘धर’ का? फुप्फुसांखालचा पडदा खाली उतरला, की मागच्या नऊ-दहा बरगड्या त्याच्यावर मोकळ्या दिसतात. छाती प्लेटला टेकवून किरण पाठीकडून का? हृदय पुढच्या बाजूला असतं. ते प्लेटच्या जवळ आलं की सावली फारशी फुगत नाही. अंथरुणावरच्या रुग्णाचा एक्स-रे पुढून काढावा लागतो, तेव्हा धडधाकट हृदयही मोठं दिसतं.

पणजीत १८४२ साली ‘एस्कोला मेडिको-सिरुर्जिका’ ही वैद्यकशाळा सुरू झाली तेव्हा एक्स-रे शोधणारा रोंटगेन जन्मालाही आला नव्हता. तो १८४५चा. त्याने १८९५च्या डिसेंबरात बायकोच्या हाताची हाडं आणि बोटातली अंगठी प्लेटवर उमटवली, तोवर पणजीच्या मुलांना शरीर ठाऊक होतं ते सुरीच्या वाटेने: आधी कातडी, मग चरबी, मग स्नायू, शेवटी हाड. एस्कोलाचा वारसा सांगणारं गोवा मेडिकल कॉलेज आज बांबोळीला आहे, आणि शवविच्छेदन डॉक्टरीत अजूनही चुकत नाही. एक्स-रेत मात्र हे थर एकमेकांवर चेपून येतात. पुस्तकातल्या सगळ्या पानांची अक्षरं एकाच पानावर उतरावीत तसे. शिवाय इथे शरीर उघडायचं नसतं. वरून चाचपून आत काय कुठे आहे ते ओळखायचं.

त्यात रुग्णाची भाषा. पेडण्याची म्हातारी ‘पेंकट दुखता’ म्हणते, तेव्हा तिचं पेंकट कमरेपासून खुब्यापर्यंत कुठेही असू शकतं. चिठ्ठीवर कण्याचा एक्स-रे लिहिलेला असतो आणि दुखणं असतं जांघेत, म्हणजे बहुधा खुब्याच्या सांध्यात. जाणता माणूस आधी म्हणतो, एका बोटाने दाखव.

डिचोलीच्या त्या काकांकडे परत येतो. त्यांच्यासारख्यांच्या छातीत काय शोधायचं, हा खाणींच्या या तालुक्याचा जुना प्रश्न. खाणकामगारांची दर पाच वर्षांनी तपासणी आणि छातीचा एक्स-रे, असं १९५५च्या खाण नियमांत आहे. धुळीच्या आजारांसाठी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची वर्गवारी वापरतात. तिच्यात दीड मिलिमीटरपर्यंतच्या गोल ठिपक्यांना एक अक्षर, तीनपर्यंत दुसरं, दहापर्यंत तिसरं. वाचायला सोपं वाटतं. पण त्याच आकाराचे ठिपके फुप्फुसातल्या रक्तवाहिन्याही पाडतात. वाहिनी किरणाकडे तोंड करून आली, की गोल दिसते. ती कुठून निघते, कशी फाटे फोडते, हे डोळ्यांत बसलेलं नसेल तर निरोगी माणूस आजारी ठरतो.

इथलं खनिज लोहाचं, आणि लोहाची गंमत तर आणखी वेगळी. हाडातल्या कॅल्शियमचा अणुक्रमांक २०, लोहाचा २६. म्हणून लोहाची बारीक धूळही किरणं जोरात अडवते. डॉइग आणि मॅक्लॉफ्लिन या डॉक्टरांनी १९३६ साली वेल्डिंग करणाऱ्यांच्या फुप्फुसांत असे ठिपके नोंदवले. माणसं मात्र तशी ठणठणीत. पुढे १९४८ साली त्यांनीच दाखवलं की काम सुटल्यावर हे ठिपके पुसट होत जातात. पण आपल्या खनिजासोबत सिलिकाही येते. सिलिका फुप्फुसात व्रण पाडते, आणि तो व्रण खाण बंद पडली म्हणून भरून येत नाही. गोव्यातलं खाणकाम २०१२ साली थांबलं तेव्हा धूळ खाली बसली, छातीतली सिलिका आत राहिली. नुसत्या ठिपक्यांवरून लोह कुठलं आणि सिलिका कुठली, हे सांगणं फार अवघड. तिथे ‘किती वर्षं, कुठल्या कामावर’ हा प्रश्न प्लेटइतकाच महत्त्वाचा.

असा प्रश्न न विचारल्याने झालेली माझी स्वतःची फजिती पेडण्यातली. पावसात चिऱ्याच्या शेवाळलेल्या पायरीवरून घसरलो, उजवा हात टेकला. पहिल्या ठिकाणी प्लेट बघून ‘काही नाही’ म्हणाले आणि मलम दिलं. कुठे दुखतं, हे कुणी विचारलं नाही. बारा दिवसांनी दुसरीकडे गेलो. तिथल्या मुलीने माझा अंगठा ताठ करायला लावला. मनगटाशी खळगी पडते ना, तपकीर ओढणारे चिमूट ठेवतात ती, तिथे तिने दाबलं. मी ओरडलोच.

‘‘हांगाच मू?’’

त्या खळगीच्या तळाशी होडीच्या आकाराचं एक लहान हाड असतं. सरळ पंजात ते आडवं कलून आखूड दिसतं. त्याची मोड पहिल्या दिवशी केसाइतकीही दिसेलच असं नाही. दहा-चौदा दिवसांत कडा झिजल्या, की रेघ उमटते. त्याला रक्त बोटांकडच्या बाजूने मिळतं, म्हणून मोड दुर्लक्षित राहिली तर कोपराकडचा तुकडा मरू शकतो. तिने माझा पंजा करंगळीकडे वळवला, तसं हाड लांब पसरलं.

पडद्यावर रेघ होती. मग अंगठ्यासकट प्लास्टर. दोन महिने बँकेत डाव्या हाताची सही चालेना.