कोशाच्या साडीचा खरा रंग

भंडारा जिल्ह्यांतील मोहाडी, आंधळगांव, पवनी इकडील कोशाचें कापड ज्यांनीं हातांत घेऊन पाहिलें आहे, त्यांस त्याचा मधासारखा सोनेरी वर्ण निराळा सांगावयास नको. हा वर्ण रंगाऱ्यानें दिलेला नव्हे. ऐन व अर्जुन यांच्या पाल्यावर वाढणाऱ्या किड्यानेंच तो कोशांत उतरविलेला असतो. करवतकाठी साडीचें अंग याच वर्णाचें, आणि काठ करवतीच्या दातांसारख्या नक्षीचा. परंतु हल्लीं पुष्कळ गिऱ्हाइकें साडी हाताळून नव्हे, तर मोबाईलच्या पडद्यावर चित्र पाहून घेतात. चित्रांत ती राखी दिसली तर कोणी घेत नाहीं. केशरी दिसली तर घेतलेली परत येते, आणि त्याचा तोटा अखेर विणकराच्या माथीं बसतो. म्हणून हा विषय आम्हांस केवळ हौसेचा वाटत नाहीं.

पहिला दोष उपजतो तो कॅमेऱ्याच्या स्वयंचलित व्यवस्थेंतून. चौकटभर कोशाचें कापड असलें, म्हणजे त्याचा स्वाभाविक सोनेरीपणा हा उजेडाचाच दोष समजून ती तो पुसून टाकते. यावर उपाय सोपा आहे. तटस्थ करड्या रंगाचें कार्ड बाजारांत मिळतें. तें कापडाच्या जागीं, त्याच उजेडांत धरून रंगाचें संतुलन ठरवावें व मग बदलूं नये. कार्डाऐवजीं घरांतील धोतर चालेल असें कोणास वाटेल. पण नीळ दिलेलें धोतर डोळ्यांस शुभ्र दिसलें तरी निळसर असतें, आणि त्यावरून संतुलन साधल्यास साडी फाजील पिवळी उमटते. उजेडही एकाच जातीचा असावा. दुपारचा प्रकाश सुमारें ५५०० केल्विनचा, तर घरांतील पिवळा दिवा सुमारें २७०० केल्विनचा. दोन्ही एकत्र आले कीं साडीची एक बाजू निळसर व दुसरी पिवळी दिसते.

दुसरा प्रश्न पांढऱ्या पार्श्वभूमीचा. कॅमेरा समोरचें दृश्य मध्यम करडें आहे असें धरून उजेडाचें मान ठरवितो. त्यामुळें पांढरा कागद मळकट उतरतो. तेव्हां तें मान एक ते दीड स्टॉपनें वाढवावें. त्याहूनही चांगलें म्हणजे साडी कागदापासून चार-पांच फूट पुढें टांगून कागदावर स्वतंत्र दिवे टाकावे. मात्र हा उजेड बेताचा असावा. अति झाल्यास तो साडीच्या कडांवर पसरतो, आणि जो काठ पाहून साडी घ्यावयाची तोच फिका पडतो.

भंडाऱ्याच्या पितळी भांड्यांची तऱ्हा वेगळी. घासूनपुसून लख्ख केलेलें भांडें पांढरा कागदच अंगावर दाखवितें, आणि त्याच्या कडा पार्श्वभूमींत विरून जातात. दोहों बाजूंस, चौकटीबाहेर, काळे पुठ्ठे उभे केले कीं कडा ठसठशीत उमटतात.

आमच्या वाचकांच्या घरांतील अनेक मुलामुलींपाशीं आज चांगले कॅमेरे आहेत. सुट्टींत विदर्भांत जाणें झालें, तर त्यांनीं एखाद्या विणकराच्या दहा-बारा साड्यांचीं अशीं चित्रें काढून द्यावीं, आणि निघण्यापूर्वीं प्रत्येक चित्र दिवसाच्या उजेडांत साडीशेजारीं धरून त्या विणकरासच दाखवावें.