गाठ रगडू नका, हात हलका ठेवा

बाळंतपणाचा तिसरा-चौथा दिवस. दूध भरून येते, छाती दगडासारखी होते, पदराचा स्पर्शही सोसत नाही. जळकोट परिसरातल्या वाड्या-तांड्यांवर अशा वेळी घरातली जाणती बाई तेलाची वाटी घेऊन बसते आणि ‘गाठ मोडायला’ अंगठ्याने रगडते. बाळंतीण दातओठ खाऊन सोसते. सकाळी सूज आणखी वाढलेली असते. मायेत खोट नाही, चुकतो तो जोर.

कारण ही सूज फक्त साचलेल्या दुधाची नसते. या दिवसांत स्तनाकडे रक्तपुरवठा वाढतो, पेशींभोवती पाणी साचते, त्यातून दुधाच्या नलिका दबतात. रगडल्याने नाजूक ऊती दुखावतात आणि नलिका आणखीच आवळतात. म्हणूनच ‘अकॅडमी ऑफ ब्रेस्टफीडिंग मेडिसिन’ या आंतरराष्ट्रीय संस्थेने 2022च्या मार्गदर्शक सूचनांत जोराची मालीश टाळायला सांगितले आहे.

मग हात लावायचाच नाही का? लावायचा, पण मांजर कुरवाळावे इतका हलका. बोटे त्वचेवरून काखेकडे आणि गळ्याच्या हाडाकडे फिरवायची. साचलेले पाणी त्या वाटेने ओसरते. स्तनाग्राभोवतीचा काळा भाग ताठ झाल्याने बाळाच्या तोंडात बसत नसेल, तर पाजण्यापूर्वी तिथे बोटांनी छातीच्या दिशेने मिनिटभर हळूच दाबून धरावे. तो मऊ पडतो. तरीही बाळाला पकडता आले नाही, तर स्वच्छ हातांनी थोडे दूध पिळावे, भाग सैल होईपर्यंतच. सगळे काढत बसले की शरीर तेवढेच पुन्हा बनवते.

बाजेखालच्या शेगडीची सवय असलेल्या घरांत थंड पाण्याची घडी ठेवायला सांगितले की सासू-आई दोघी दचकतात. पाजून झाल्यावर माठाच्या पाण्यात भिजवलेल्या स्वच्छ फडक्याने दूध गोठत नाही, ठणका मात्र कमी होतो.

मालीशने दूध वाढते, हा समज अर्धवट आहे. हलक्या हाताने दूध वाहायला मदत होते, पाठ चोळली की आई सैलावते. पण दूध वाढते ते बाळाने ओढल्याने. दिवस-रात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजावे, सुरुवातीचा चीक फेकू नये.

अंगात ताप, थंडी, छातीवर लाल चट्टा असेल आणि दिवसभरात उतार पडला नाही, तर डॉक्टरांकडे जावे. बाळंतीण फार आजारी वाटली, तर दिवसभरही थांबू नये. गळू झाले असेल तर औषध लागते, सहसा पूही काढावा लागतो. अशा वेळीही सहसा अंगावर पाजणे थांबवावे लागत नाही.