झांस्करवर सुती कपडे नकोत

कबनूर-इचलकरंजीच्या माणसाला सुताबद्दल वेगळं काही शिकवावं लागत नाही. तरीही लडाखमध्ये झांस्कर नदीवर राफ्टिंगला निघालेल्या इथल्या पोरांच्या बॅगा पाहाव्यात, तर सुती टी-शर्ट, सुती बनियन आणि जीन्स यांनीच गच्च भरलेल्या असतात. ‘अंगाला सुतीच चांगलं’ हे आपल्या हवेत अगदी खरं आहे. सूत घाम शोषतं, सावकाश वाळतं आणि वाळताना अंग थंड करतं. झांस्करवर हाच गुण घातक ठरतो.

पदुमकडून निमूला सिंधूच्या संगमापर्यंत ही नदी खोल घळीतून वाहते. राफ्टिंग होतं ते जुलै-ऑगस्टमध्ये, आणि तेव्हा पात्रात हिमनद्यांचं वितळलेलं पाणी असतं. पाणी शरीरातली उष्णता हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने ओढून घेतं. त्यात सूत ओलावा धरून ठेवणारं. ते कोरडं पडलं की जास्त तुटतं, म्हणून शेडमधली हवा दमट ठेवावी लागते, हे मागावर काम करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. प्रमाणित हवेत सुती धागा सुमारे ८.५ टक्के ओलावा धरतो, तर पॉलिएस्टर जेमतेम ०.४ टक्के. म्हणून भिजलेला सुती शर्ट थंड पाणी अंगाला चिकटवून ठेवतो आणि पॉलिएस्टरचा शर्ट वाऱ्यावर लवकर वाळतो. जीन्स जाड असते म्हणून ऊब देईल, हाही भ्रमच. तीसुद्धा सुताचीच, त्यात जड, आणि दिवसभरात वाळत नाही.

मग लोकरीचं काय? ती तर सुताहून जास्त, सुमारे १६ टक्के ओलावा धरते. पण हा ओलावा तंतूच्या आत मुरतो आणि तंतू कुरळे असल्याने त्यांच्यामध्ये हवा टिकून राहते. त्यामुळे लोकर ओली झाली तरी बरीच ऊब राखते. पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेला येणारे धनगर पावसाळ्यात रानात मेंढरांमागे घोंगडीवर निभावतात, ते याच बळावर. राफ्टवर घोंगडी नेणं शक्य नाही. अंगालगत पॉलिएस्टर किंवा पातळ लोकर, त्यावर फ्लीस आणि सगळ्यात वर वारा व पाणी अडवणारं जॅकेट, असे तीन थर पुरतात.

‘आम्ही पंचगंगेत पोहून मोठे झालो, लाइफ जॅकेट कशाला?’ हा प्रश्न मला सगळ्यात जास्त काळजीत टाकतो. बर्फाळ पाण्यात पडल्यावर पहिलं मिनिटभर श्वास आवरत नाही, धाप लागते आणि तोंडात पाणी जातं. पुढच्या दहा-एक मिनिटांत हातपाय बधिर होत जातात. पट्टीचा पोहणाराही तिथे हात मारू शकत नाही. जॅकेट घातल्यावर दुसऱ्याला खांद्याच्या पट्ट्या धरून वर ओढायला सांगा. ते हनुवटीपर्यंत सरकलं तर सैल आहे, पट्टे आवळा.

वेटसूट माणसाला कोरडा ठेवतो, असंही अनेकांना वाटतं. तसं नाही. त्यात पाणी शिरतं, पण त्याचा पातळ थर अंगाच्या उबेने तापतो आणि निओप्रीनमधले हवेचे बुडबुडे ती ऊब धरून ठेवतात. म्हणून तो अंगाबरोबर हवा, आणि आत सुती बनियन नको. कोल्हापुरी चप्पल घरीच ठेवा. कातडं भिजून मऊ पडतं आणि धारेत चप्पल पायातून निसटते. टाचेला पट्टा असलेली सँडल किंवा नाडीचे बूट न्या.

रमने ऊब येते हा समज तर जीवघेणा आहे. दारूने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, अंग गरम वाटतं, पण आतली उष्णता बाहेर जात राहते.

‘थंडी आहे, मग ऊन कसलं लागणार?’ असं म्हणून टोपी-गॉगल विसरू नका. लेहच सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे आणि दर हजार मीटरला अतिनील किरणं साधारण १० टक्क्यांनी वाढतात.

या सगळ्याला फार पैसे लागत नाहीत. कोल्हापुरात फुटबॉलची पॉलिएस्टर जर्सी गल्लोगल्ली मिळते, आतल्या थराला ती चालते. खर्च करायचाच तर चांगल्या ड्राय बॅगवर करा. तोंड किमान तीन वेळा गुंडाळून क्लिप लावली तरच ती पाणी अडवते. मुक्कामाला घालायचा लोकरी मोज्यांसह एक पूर्ण कोरडा जोड तिच्यात ठेवा आणि राफ्ट किनाऱ्याला लागेपर्यंत ती उघडू नका.