संगणकातील प्रवासी आणि आपण



पांढुर्णा-सौंसर भागातून रोज किती माणसे कोठे जातात, हे जाणावयाचे झाल्यास आपण बसथांब्यावर उभे राहून डोकी मोजू. परंतु उद्या भाडे वाढले किंवा शेवटची बस बंद झाली, तर काय होईल, हे त्या मोजणीतून कळणार नाही. यासाठी संगणकाचा उपयोग करतात. त्या पद्धतीची ओळख करून देण्याचा माझा प्रयत्न आहे.

१९५० च्या दशकात शिकागो येथील वाहतूक-अभ्यासामुळे रूढ झालेली पद्धत चार पायऱ्यांची आहे. प्रत्येक भागातून किती फेऱ्या निघतात, त्या कोठे जातात, कोणत्या साधनाने आणि कोणत्या मार्गाने जातात, हे क्रमाने ठरवावयाचे. दुसऱ्या पायरीत गुरुत्वाकर्षणासारखा नियम वापरतात. गाव मोठे असेल तर ओढ अधिक. अंतर वाढेल तशी ओढ कमी. सौंसरच्या माणसाला नागपूर का ओढते, हे यावरून ध्यानात येईल.

पण माणूस म्हणजे निर्जीव कण नव्हे. घड्याळ आणि घरची बंधने यांच्या चौकटीतच तो हिंडतो, हे स्वीडिश भूगोलज्ञ टॉर्स्टेन हेगरस्ट्रांड यांनी १९७० मध्ये मांडले. म्हणून नव्या पद्धतीत संगणकात एक कृत्रिम लोकसंख्याच वसवितात. तिच्यातील प्रत्येक व्यक्तीला घर, वय, काम व दिनक्रम देतात. मुलाला शाळेत पोहोचवून, बाजार करून, दिवेलागणीपूर्वी परतणारी आई तीत असते. एखादी बस काढून घेतली की या व्यक्ती आपला दिवस पुन्हा पुन्हा जुळवून पाहतात. कोणाचा जमतो आणि कोणाचा मोडतो, ते दिसते.

मात्र हे सारे पाहणीच्या आकड्यांवर उभे असते. मुंबई महानगर प्रदेशाच्या २००८ मध्ये पूर्ण झालेल्या अभ्यासात घरोघरी विचारणा झाली, म्हणूनच निम्म्याहून अधिक फेऱ्या पायी होतात हे दिसले. केवळ वाहने मोजली असती, तर ही माणसे दिसलीच नसती. उलट २०११ च्या जनगणनेत कामाच्या जागेचे अंतर व प्रवासाचे साधन नोंदविले गेले, ते शेतकरी, शेतमजूर आणि घरगुती उद्योगातील लोक वगळून. संत्र्याच्या तोडीला पहाटे निघणाऱ्या मजुराची फेरी त्या तक्त्यात नाही.

आपली छोटी लाईन आठवा. सौंसरवरून जाणारी नागपूर-छिंदवाडा नॅरोगेज गाडी ब्रॉडगेजच्या कामासाठी २०१५ मध्ये बंद झाली. त्या काळात कोणी स्थानकावर प्रवासी मोजले असते, तर उत्तर शून्य आले असते. म्हणून लोकांना जाण्याची गरज नव्हती, असे म्हणता येईल काय?

२०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आले. कचेऱ्यांबरोबर लोकांच्या फेऱ्यांची दिशाही बदलते. विद्यार्थी मित्रहो, उद्या तुमच्यापैकी कोणी अशी पाहणी करील, तेव्हा बसमध्ये बसलेल्यांना अवश्य मोजा. परंतु परतीची बस नाही म्हणून ज्या मुलीचे शिक्षण थांबले, तिच्या घरीही जाऊन विचारा. शाळेच्या हजेरीपटावर गैरहजर विद्यार्थ्याचे नाव तरी असते. प्रवासाच्या हिशेबातही ते असले पाहिजे, एवढेच मागणे करून मी आपली रजा घेतो.