दोन पक्ष, एकच तिजोरी

अमेरिकेत अध्यक्ष बदलतात, सिनेटमधील बहुमत इकडून तिकडे जाते. पण करकायद्यातील एक छोटीशी सवलत गेली अनेक वर्षे साऱ्यांना पुरून उरली आहे. ‘कॅरीड इंटरेस्ट’ हे तिचे नाव. खासगी गुंतवणूक निधी चालविणारे व्यवस्थापक गुंतवणूकदारांना झालेल्या नफ्यातील साधारणतः २० टक्के वाटा मोबदला म्हणून घेतात. वास्तविक ही त्यांच्या कामाची कमाई. कायदा मात्र तिला भांडवली नफा मानतो. त्यामुळे गलेलठ्ठ पगार घेणाऱ्यास वरच्या टप्प्यात ३७ टक्के कर भरावा लागत असताना या मंडळींची २० टक्के आणि वर थोड्या अधिभारावर सुटका होते.

बराक ओबामा यांनी २००८ च्या प्रचारात ही पळवाट बंद करण्याचे आश्वासन दिले होते. डोनाल्ड ट्रम्प यांनीही २०१५ मध्ये या व्यवस्थापकांवर तोंडसुख घेतले. प्रत्यक्षात ट्रम्प यांच्या २०१७ च्या करकायद्याने एवढेच केले, की सवलतीसाठी गुंतवणूक एक वर्षाऐवजी तीन वर्षे ठेवण्याची अट घातली. २०२२ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या महागाई नियंत्रण विधेयकात या सवलतीला कात्री लावून दहा वर्षांत सुमारे १४ अब्ज डॉलर मिळविण्याची तरतूद होती. सिनेटमध्ये पक्षबळ ५०-५० असे समसमान. ॲरिझोनाच्या तेव्हाच्या डेमोक्रॅटिक सदस्या किर्स्टन सिनेमा यांनी ती तरतूद गाळण्याची अट घातली आणि ती गाळली गेली. आदल्या वर्षभरात याच उद्योगातील मंडळींकडून त्यांना दहा लाख डॉलरच्या जवळपास देणग्या मिळाल्याचे ‘असोसिएटेड प्रेस’ने नोंदी तपासून दाखविले. फेब्रुवारी २०२५ मध्ये ट्रम्प यांनी पुन्हा तोच संकल्प सोडला. जुलैत संमत झालेल्या त्यांच्या महाकाय करकायद्यात त्याचा मागमूसही नव्हता.

देणगी घेतली म्हणूनच मत दिले, हे न्यायालयात सिद्ध करणे जवळजवळ अशक्य असते. आणि मोठ्या देणगीचा मार्ग खुद्द न्यायालयांनीच मोकळा करून दिला आहे. कंपन्यांनी उमेदवारांना थेट पैसे देण्यास १९०७ पासून बंदी आहे. वॉटरगेट प्रकरणानंतर, १९७४ मध्ये, व्यक्तींच्या देणग्यांवरही मर्यादा आली. मात्र १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रचारावरील खर्चाला अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे संरक्षण दिले आणि २०१० च्या ‘सिटिझन्स युनायटेड’ निकालात, पाच विरुद्ध चार मतांनी, उमेदवारापासून स्वतंत्रपणे खर्च करण्याची मुभा कंपन्या व कामगार संघटनांनाही दिली. त्याच वर्षी दुसऱ्या एका निकालातून ‘सुपर पॅक’ नावाच्या समित्या जन्मास आल्या. परिणाम असा, की २०२४ मध्ये एका नागरिकाला एका उमेदवारास एका निवडणुकीसाठी ३,३०० डॉलरच देता येत होते, आणि इलॉन मस्क मात्र ट्रम्प व रिपब्लिकन पक्षासाठी २५ कोटी डॉलरहून अधिक ओतू शकले.

मस्क यांनी निदान उघडपणे एक बाजू घेतली. चाणाक्ष देणगीदार दोन्ही दारांत उभा असतो. ऑगस्ट २०१५ च्या वादफेरीत ट्रम्प यांनीच भर व्यासपीठावर सांगून टाकले, की आपण सर्वांनाच देणग्या देत आलो आणि गरज पडली तेव्हा ते सारे आपल्या मदतीला आले. क्रिप्टो बाजारातील सॅम बँकमन-फ्राइड डेमोक्रॅटिक पक्षाचे दाते म्हणून मिरवत. दिवाळे वाजल्यानंतर त्यांनी एका मुलाखतीत सांगितले, की साधारण तेवढीच रक्कम आपण रिपब्लिकनांनाही दिली होती. पत्रकार गहजब करतील म्हणून ती गुप्त ठेवली. २०२४ मध्ये त्यांना फसवणुकीबद्दल २५ वर्षांची शिक्षा झाली.

पैशाने प्रत्येक निवडणूक जिंकता येते, असे मात्र नाही. मायकेल ब्लूमबर्ग यांनी २०२० मध्ये स्वतःच्या उमेदवारीवर एक अब्ज डॉलर उधळले आणि पदरात पडले ते केवळ अमेरिकन सामोआ. एप्रिल २०२५ मध्ये विस्कॉन्सिनच्या न्यायाधीशपदासाठी मस्क व त्यांच्या गटांनी दोन कोटी डॉलरहून अधिक खर्च केले, तरी त्यांचा उमेदवार पडलाच. मतदाराचे लक्ष असते तेथे पैसा थिटा पडतो; तांत्रिक, कंटाळवाण्या कलमांपाशी तो खरे काम करतो.

याचा ताजा नमुना म्हणजे कॉइनबेस, रिपल आदी कंपन्यांच्या पैशावर उभी राहिलेली ‘फेअरशेक’ ही क्रिप्टो उद्योगाची समिती. तिने व तिच्या सहयोगी समित्यांनी २०२४ मध्ये १३ कोटी डॉलरच्या आसपास खर्च केले. ओहायोत डेमोक्रॅट शेरॉड ब्राऊन यांच्या पराभवासाठी चार कोटी, तर मिशिगन व ॲरिझोनात एलिसा स्लॉटकिन आणि रुबेन गालेगो या डेमोक्रॅट उमेदवारांच्या विजयासाठी प्रत्येकी सुमारे एक कोटी. गंमत म्हणजे जाहिरातींत क्रिप्टोचा उल्लेख क्वचितच असे. जून २०२५ मध्ये डॉलरशी निगडित आभासी चलनाला मान्यता देणारे, या उद्योगाला हवे असलेले विधेयक सिनेटमध्ये ६८ विरुद्ध ३० मतांनी संमत झाले. बाजूने मत देणाऱ्या १८ डेमोक्रॅटांमध्ये स्लॉटकिन व गालेगोही होते. पुढच्याच महिन्यात ‘फेअरशेक’ने आपल्याकडे १४ कोटी डॉलर जमा असल्याचे जाहीर केले. काँग्रेसची २०२६ ची निवडणूक तेव्हा जवळजवळ सोळा महिने दूर होती.