गाडीचं अंतरंग (भाग ९) : इंडिकेटर आपोआप बंद होतो तो कसा?

नागपूर-हैदराबाद महामार्ग, म्हणजे आताचा ४४ आणि जुन्या माणसांच्या तोंडचा सात नंबर, केळापूर तालुक्यातून करंजी, पांढरकवडा, पाटणबोरी असा खाली उतरतो. दोन्ही बाजूंनी गावांचे फाटे. एखादा मोटारसायकलवाला डावीकडे वळून महामार्गाला लागतो आणि डावा इंडिकेटर तसाच चालू राहतो. पुढच्या फाट्यावर थांबलेला ट्रॅक्टरवाला तो दिवा बघतो, गाडी आत वळतेय असं समजतो आणि ट्रॅक्टर पुढे काढतो. मोटारसायकल मात्र सरळच येते. इंडिकेटर लावलाच नसता, तर ट्रॅक्टरवाला निदान सावध राहिला असता. विसरलेला इंडिकेटर त्याला चुकीची खात्री देतो, म्हणून तो जास्त घातक.

दोष एकट्या चालवणाऱ्याचा नाही. कारमध्ये टिकटिक ऐकू येते. हेल्मेटच्या आत वाऱ्यापुढे ती ऐकू येत नाही आणि विदर्भाच्या उन्हात मीटरमधला हिरवा दिवा दिसत नाही. त्यात हल्लीचं बटण बाजूला सरकवून सोडलं की मधोमध परत येतं. जुनं बटण त्या बाजूलाच राहायचं, त्यामुळे अंगठ्याला कळायचं. आता अंगठाही काही सांगू शकत नाही.

मग कारसारखं आपोआप बंद होणारं यंत्र इथे का नाही? कारच्या स्टिअरिंगच्या दांड्यावर एक उंचवटा असतो. वळण संपून स्टिअरिंग उलट फिरताना तो इंडिकेटरच्या दांडीला ढकलतो आणि ती जागेवर येते. कारचं स्टिअरिंग वळणावर भरपूर फिरतं, म्हणून हे जमतं. मोटारसायकल वेगात असताना हँडलने नव्हे, झुकून वळते. हँडल जेमतेम काही अंश हलतं, आणि तेही आधी उलट बाजूला! उजवीकडे जायचं तर उजवी मूठ किंचित पुढे ढकलावी लागते, चाक क्षणभर डावीकडे होतं आणि गाडी उजवीकडे झुकते. रोज चालवणाऱ्याचे हात हे नकळत करतात. पण नुसत्या हँडलवर विसंबणारं यंत्र इथे फसणार.

यामाहाने १९७०च्या दशकाच्या अखेरीस आपल्या मोठ्या एक्सएस गाड्यांत हँडलचा नादच सोडला. इंडिकेटर लावल्यापासून १० सेकंद आणि १५० मीटर, दोन्ही पुरे झाले की दिवा बंद. गाडी उभी असताना अंतर वाढत नाही, म्हणून चौकात थांबल्यावर इंडिकेटर चालूच राहतो. हिशेब करून बघा : १० सेकंदांत १५० मीटर म्हणजे ताशी ५४ किलोमीटर. त्याहून हळू चाललात तर अंतर ठरवतं, जोरात चाललात तर वेळ. मला ही युक्ती फार आवडते, कारण ती साधी आहे आणि तिचं चुकणंही आधी ओळखता येतं. ताशी ८० ने येताना ३०० मीटर आधी इंडिकेटर लावला, तर सव्वादोनशे मीटरच्या आतच तो विझेल आणि फाटा अजून पुढेच असेल. तिथे बटण पुन्हा दाबायला हवं.

हार्ले-डेव्हिडसनने पुढे गाडीचा झुकाव मोजायला घेतला : झुकली, पुन्हा उभी झाली, म्हणजे वळण संपलं. पण ताशी १० च्या वेगाने ८ मीटर त्रिज्येत वळणारी गाडी साडेपाच अंशच झुकते. खड्डा चुकवतानाही तेवढी झुकते.

होंडाने काही मोठ्या गाड्यांत वापरलेली पद्धत भूमितीची आहे. वळताना पुढचं चाक मागच्यापेक्षा मोठ्या वर्तुळात जातं, म्हणून किंचित जास्त वेगाने फिरतं. दोन चाकांत १.३ मीटर अंतर असेल, तर त्याच ८ मीटरच्या वळणात हा फरक सव्वा टक्का निघतो. म्हणजे झुकाव जिथे कमी पडतो, नेमक्या त्या संथ, अरुंद वळणावर हा फरक ठळक असतो. मागच्या भागात पाहिलेले, चाकाचा वेग मोजणारे एबीएसचे सेन्सर दोन्ही चाकांना असतील, तर वेगळं काही बसवावंही लागत नाही. कॉम्प्युटर फरक वाढताना आणि पुन्हा मिटताना पाहतो आणि दिवा बंद करतो.

आपल्याकडे ही सोय सर्वसाधारण गिऱ्हाइकापर्यंत नेली ती बजाजने, २००६ च्या पल्सरमध्ये. हँडल वळून पुन्हा सरळ झालं की इंडिकेटर बंद, अशी ती रचना होती. वर सांगितलेली अडचण तिला होतीच : गावाच्या फाट्यावर हँडल चांगलं वळतं, तिथे ती योग्य. ओव्हरटेक करून पुन्हा डाव्या बाजूला येताना हँडल जेमतेमच हलतं, तिथे अंगठ्यालाच काम. एथरच्या ४५० स्कूटरमध्येही आपोआप बंद होणारे इंडिकेटर मिळतात.

ज्यांची गाडी साधी आहे, त्यांना बझर लावता येतो. काहींना तो आवाज नकोसा होतो, पण मला तरी तो स्वस्त आणि भरवशाचा उपाय वाटतो. तो इतका मोठा असावा, की हेल्मेट घालून चालत्या गाडीवर ऐकू येईल. दुकानात उभ्या गाडीवर ऐकून ठरवू नये.

पुढच्या आठवड्यात फ्लॅशर : एक बल्ब उडाला की त्या बाजूचा दुसरा भराभर का लुकलुकतो?