मला वैमानिक व्हायचे आहे!



दोन महिन्यांपूर्वी आपल्या शुक्रवारच्या वर्गात बाईंनी ‘मी मोठेपणी कोण होणार’ हा निबंध लिहायला दिला होता. सतरा वह्यांपैकी सहा वह्यांत वैमानिक निघाले! दर उन्हाळ्यात मुंबईच्या विमानात बसणाऱ्या मुलांना असे वाटणारच. बाई मला म्हणाल्या, “तुमच्या घरी हाच विषय चालू आहे ना? मग तुम्हीच लिहा.” मी संगणकावर काम करणारा इंजिनिअर, विमान कधी चालवलेले नाही. पण मुलीच्या निमित्ताने दोन वर्षे या विषयाचा अभ्यास घडला. त्यात जे कळले, आणि जे उशिरा कळले, ते येथे देत आहे.

आधी एक चष्म्याची गोष्ट

मलाही वैमानिक व्हायचे होते. आठवीत चष्मा लागला आणि शेजारचे काका म्हणाले, “चष्मा? मग विमान विसर!” मी विसरलो. पुढे इंजिनिअर झालो, कुवेतला आलो. एकदा सुट्टीवर जाताना विमानाच्या दाराशी कॅप्टनसाहेब उभे दिसले. त्यांच्या डोळ्यांवर माझ्यापेक्षा जाड चष्मा होता!

काकांना लढाऊ विमानांचे नियम ऐकून माहीत होते. प्रवासी विमानांचे नियम वेगळे असतात. तेथे ठरावीक मर्यादेत चष्मा चालतो, चष्म्यासह नजर पुरेशी स्वच्छ हवी. मला काकांचा राग आला नाही. राग आला तो स्वतःचा, कारण मी दुसऱ्या कोणालाच विचारले नव्हते.

म्हणून पहिली पायरी वैद्यकीय तपासणीची. भारतात नागरी विमान वाहतुकीचे नियम डी.जी.सी.ए. हे सरकारी खाते ठरवते. शिकाऊ वैमानिकाला ‘क्लास टू’ आणि व्यावसायिक परवान्यासाठी त्याहून कडक ‘क्लास वन’ तपासणी लागते. डोळे, कान, छाती, हृदयाचा आलेख, रक्त, लघवी हे सारे पाहतात. रंग ओळखण्याचीही परीक्षा असते. ठिपक्यांच्या चित्रांत लपलेला आकडा वाचायचा. रंगांधळेपणा मुलींपेक्षा मुलांत बराच जास्त आढळतो आणि पुष्कळांना तो आपल्याला आहे हे माहीतच नसते. पालकहो, क्लास टूची तपासणी डी.जी.सी.ए.ने नेमलेल्या डॉक्टरांकडेच करावी लागते. उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी जाल तेव्हा ती उरकून घ्या. आम्ही हे शेवटी करणार होतो. सुदैवाने एका परिचितांनी आधी करायला लावले.

परवान्याचा रस्ता

बारावीला फिजिक्स आणि मॅथ्स हवेत, ही आजवरची अट. नियम बदलत असतात, म्हणून प्रवेशाच्या वर्षी डी.जी.सी.ए.च्या संकेतस्थळावर स्वतः वाचून खात्री करावी. व्यावसायिक परवान्यासाठी वय किमान १८ वर्षे आणि किमान २०० तासांचे उड्डाण लागते. त्यातले १०० तास विमानाची जबाबदारी एकट्याच्या शिरावर असते. शिवाय नेव्हिगेशन, हवामानशास्त्र, हवाई नियम आणि विमानाचे तंत्रज्ञान यांच्या लेखी परीक्षा असतात. प्रत्येकीत ७० टक्के मिळाले तरच पास! रेडिओवर बोलण्याची परीक्षा वेगळी. त्यानंतर एअरबस ए-३२० किंवा बोइंग ७३७ अशा एखाद्या जातीच्या विमानाचे खास शिक्षण, मग उजव्या बाजूची सहवैमानिकाची खुर्ची. डावीकडच्या कॅप्टनच्या खुर्चीसाठी वरचा परवाना लागतो. त्याला १,५०० तास हवेत.

शिकायचे कोठे? उत्तर प्रदेशात फुरसतगंज येथे इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमी ही सरकारी संस्था आहे. तिची लेखी प्रवेश परीक्षा असते. आपल्या महाराष्ट्रात गोंदियाजवळ बिरसी विमानतळावर आणि बारामतीला उड्डाण शिकवले जाते. तिसरा मार्ग विमान कंपन्यांच्या ‘कॅडेट’ योजनांचा. त्यात कंपनी आधी निवड करते, मग ठरलेल्या संस्थेत शिकायला पाठवते.

परदेशी राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी एक प्रश्न आधीच सोडवावा: नोकरी कोणत्या देशात करायची? परवाना त्या देशाचा लागतो. अमेरिकेत किंवा दक्षिण आफ्रिकेत शिकून भारतात यायचे, तर तो परवाना भारतीय परवान्यात बदलून घ्यावा लागतो आणि त्यासाठी पुन्हा परीक्षा द्याव्या लागतात.

निवड चाचणीत काय पाहतात?

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेला थोड्या काळात हजारो वैमानिक हवे होते. निम्म्यातून नापास होणाऱ्यांवर पैसा आणि विमाने वाया जात. तेव्हा जॉन फ्लॅनागन या मानसशास्त्रज्ञाच्या पथकाने चाचण्या तयार केल्या आणि निकाल १ ते ९ या आकड्यांत मांडला. खात्री करण्यासाठी हजारभर तरुणांना चाचणीचा निकाल काहीही असो, शिकायला पाठवले. ज्यांचा आकडा खालचा होता ते बहुतेक गळाले, वरचा आकडा असणारे बहुतेक टिकले. आजच्या संगणकावरच्या चाचण्या याच घराण्यातल्या.

प्रत्येक कंपनीची चाचणी निराळी, पण घाट साधारण सारखा. दांडी आणि पावट्यांनी पडद्यावरचा ठिपका मध्यभागी ठेवायचा. आकड्यांची रांग ऐकून उलट सांगायची. दोन तबकड्या पाहून विमान कोणत्या दिशेला तोंड करून, किती कलले आहे ते ओळखायचे. कॅल्क्युलेटरशिवाय हिशेब करायचे. आणि शेवटी यातली दोन-तीन कामे एकाच वेळी! त्यानंतर गटचर्चा आणि मुलाखत.

आमची मुलगी गेल्या वर्षी बारावीनंतर अशा एका चाचणीत नापास झाली. फिजिक्स पक्के, दांडीचा सराव महिनाभर केलेला. कानात आकडे ऐकू येऊ लागले तशी ती त्यांच्या मागे धावली आणि ठिपका पडद्याच्या कडेला गेला. तो सावरायला गेली तर आकडे निसटले. घरी आल्यावर म्हणाली, “बाबा, मला सगळं येत होतं, पण एकदम येत नव्हतं.”

वैमानिकांना पहिल्या दिवसापासून एक क्रम शिकवतात: आधी विमान उडवा, मग दिशा पाहा, मग बोला. काम कितीही अंगावर आले तरी हा क्रम मोडायचा नाही. आकडा चुकला तर तो सोडून द्यावा, ठिपका सोडू नये. चाचणीत नेमके हेच पाहत होते, आणि आम्ही प्रत्येक विषय सुटा सुटा घोटला होता.

घरच्या घरी तयारी

या तयारीला महागडा क्लास लागतोच असे नाही. आम्ही आता काय करतो ते सांगतो.

१. तोंडी हिशेब. आपल्या आजी-आजोबांना पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी पाठ असत. त्यांचे मोल आता कळते! विमान ताशी ४८० नॉटिकल मैल वेगाने जात असेल तर मिनिटाला ८ मैल. कुवेत ते मुंबई सरळ अंतर सुमारे १,५०० नॉटिकल मैल, म्हणजे साधारण १८७ मिनिटे. चढणे, उतरणे आणि वळसे वेगळे. उतरायला सुरुवात केव्हा करायची? उंचीच्या हजारांना तिनाने गुणायचे. ३६,००० फुटांवर असाल तर ३६ त्रिक १०८, म्हणजे १०८ मैल आधी.

२. दोन कामे एकत्र. डाव्या हाताने चेंडू आपटत साताचा पाढा उलटा म्हणायचा. पाढा अडला तरी चेंडू थांबता कामा नये.

३. ऐकून परत सांगणे. वैमानिक कंट्रोल टॉवरने दिलेली सूचना तशीच परत म्हणून दाखवतो, म्हणजे चूक तिथल्या तिथे सापडते. जमियात पाठवताना आई सहा वस्तू एकदाच सांगते. मुलीने त्या परत म्हणायच्या, मगच निघायचे.

४. स्पष्ट इंग्रजी. आंतरराष्ट्रीय उड्डाणासाठी इंग्रजीच्या सहा पातळ्यांपैकी किमान चौथी लागते. रोज दहा मिनिटे मोठ्याने वाचावे.

५. चुकांची वही. मुलाखतीत “तुमची एखादी चूक सांगा” असे हमखास विचारतात. चूक लपवणारा वैमानिक कोणालाच नको असतो. नापास झाल्याची हकिगत मुलगी आता न अडखळता सांगते.

पैशांचे काय?

हे मोकळेपणाने बोलायला हवे. परवाना आणि पुढचे खास शिक्षण मिळून खर्च सहज अर्ध्या कोटीच्या वर जातो. कॅडेट योजनेत तो कोटीच्याही पुढे जाऊ शकतो. कॅडेट म्हणजे फुकट शिक्षण, हा समज चुकीचा आहे. आणि नोकरीची हमी नसते. २०१९ च्या एप्रिलमध्ये जेट एअरवेज बंद पडली, २०२० मध्ये कोविडने जगभरची विमाने जमिनीवर बसवली, २०२३ च्या मे महिन्यात गो फर्स्ट थांबली. परवाना हाती असलेली कितीतरी मुले वाट पाहत राहिली, कर्जाचे हप्ते मात्र थांबले नाहीत.

आमच्या घरी यावरून चांगलेच वाद झाले. सौ.चे म्हणणे, “घर गहाण टाकून स्वप्न नको.” मुलीचे म्हणणे, “मग इंजिनिअरिंगला पैसे लागत नाहीत का?” शेवटी एक क्रम ठरला: आधी वैद्यकीय, मग निवड चाचणी, मग लेखी परीक्षांपैकी निदान दोन, आणि पैसे सर्वांत शेवटी. आधीच्या तीन पायऱ्यांचा खर्च पुढच्या खर्चाच्या मानाने थोडा आहे. तेथे अडले तर घर शाबूत राहते. सध्या ती पदवीचे शिक्षण घेत दुसऱ्या प्रयत्नाची तयारी करते आहे.

मुलींनी मागे राहायचे कारण नाही. १९८५ साली तेव्हाच्या कलकत्त्याहून सिल्चरला गेलेल्या इंडियन एअरलाइन्सच्या फोकर फ्रेंडशिप विमानात सर्व कर्मचारी महिला होत्या. कॅप्टन होत्या सौदामिनी देशमुख आणि सहवैमानिक निवेदिता भसीन.

शेवटी

आपल्या कुवेतच्या जुन्या मंडळींना १९९० विसरता येत नाही. इराकने कुवेत घेतल्यावर आपले लोक बसने बगदादमार्गे जॉर्डनच्या अम्मानला पोहोचले. तेथून ४८८ फेऱ्यांत एक लाखाहून अधिक भारतीयांना विमानाने मायदेशी नेले. ऑगस्ट ते ऑक्टोबर, एकोणसाठ दिवस. त्या वैमानिकांचे शौर्य मोठेच. पण मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. शेवटच्या फेरीलाही त्यांनी तीच तपासणी यादी पहिल्या फेरीसारखी ओळीने वाचली असणार. वैमानिक तो, जो कंटाळला, घाबरला, थकला तरी क्रम मोडत नाही. ही सवय लावायला विमान लागत नाही. आज रात्री दप्तर भरतानाही ती लावता येते!

जाता जाता एक कोडे. विमान ३५,००० फुटांवर आहे, वेग ताशी ४२० नॉटिकल मैल. किती मैल आधी उतरायला सुरुवात करावी? आणि त्याच वेगाने तेवढे अंतर कापायला किती मिनिटे लागतील? उत्तर पुढच्या शुक्रवारी बाईंना द्या. तोंडी, कागद न घेता!